राजा दीनदयाळ

राजा लाला दीनदयाळ (जन्म : सरधना, १८४४, मृत्यू : ५ जुलै १९०५) हे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य भारतीय छायाचित्रकार होते. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते विशेष प्रसिद्धीस आले. राजेरजवाडे, इंग्रज अधिकारी, लष्करी कवायती, शिकारी, राजवाडे आणि प्राचीन वास्तू असा त्यांच्या कामाचा विस्तार आहे. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात मोडत होता. त्यामुळे वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद शहर (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात सापडलेली या भागातील माणसे त्यांच्या संस्थेच्या छायाचित्रांत आढळतात. विजेचा दिवा आणि फ्लॅश सर्वसामान्य होण्यापूर्वीचा हा छायाचित्रकार होता, आणि उपलब्ध उजेडाचा हिशेब बांधण्यातच त्याच्या कलेचे निम्मे रहस्य आहे.

जन्म आणि शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म मीरत जवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. घराण्याचा व्यवसाय जवाहिऱ्याचा होता. सरधना हे गाव बेगम समरू आणि तिने बांधविलेले चर्च यांमुळे इतिहासात परिचित आहे. घरच्या व्यवसायात न शिरता दीनदयाळ रुडकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले. आज हीच संस्था भारतीय तंत्रज्ञान संस्था, रुडकी या नावाने ओळखली जाते. कालवे, पूल, रस्ते आणि सरकारी इमारती यांसाठी लागणारी माणसे तेथे तयार होत. जमिनीची मोजणी, नकाशे आणि इमारतींचे आराखडे काढणे हा अभ्यासक्रमाचा कणा होता.

हे शिक्षण पुढे वाया गेले नाही. दीनदयाळ यांनी टिपलेल्या इमारतींच्या चित्रांत उभ्या रेषा सरळ उभ्या राहतात, पाया कलत नाही आणि वास्तूचा कोणता भाग कोणत्या भागाशी कसा जोडला आहे हे पाहणाऱ्यास कळते. चित्रकाराच्या नजरेपेक्षा आरेखकाची नजर येथे अधिक काम करताना दिसते. रुडकीचा अभ्यास त्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगाइतकाच त्यांच्या कामी आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंदूर

१८६६ मध्ये शिक्षण संपवून दीनदयाळ इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक आणि अंदाजपत्रक तयार करणारे कर्मचारी म्हणून रुजू झाले. इंदूर हे होळकरांचे राजधानीचे शहर असल्याने तेथे मराठी वस्ती आणि मराठी वातावरण मोठ्या प्रमाणावर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण हाती घेतले. प्रारंभी हा केवळ छंद होता. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे इंग्रज प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी या छंदाला उत्तेजन दिले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सम्राट सातवा एडवर्ड) हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला असता त्या दौऱ्यातील चित्रे टिपण्याची संधी त्यांना मिळाली. सरकारी नोकरीत राहून छायाचित्रकार म्हणून नाव कमावण्याचा हा काळ होता.

डेली यांच्यानंतर त्या पदावर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत दीनदयाळ बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा आदी स्थळांची चित्रे त्यांनी तयार केली. त्यांतील निवडक चित्रे ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात १८८६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. ग्रंथावर नाव ग्रिफिन यांचे आहे, मात्र आज तो ग्रंथ उघडला जातो तो चित्रांसाठी.

दीनदयाळ यांच्या आधी भारतीय छायाचित्रकार नव्हते असा समज काही ठिकाणी आढळतो, तो बरोबर नाही. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे या क्षेत्रात त्या वेळी नावाजलेले होते. दीनदयाळ यांचे वेगळेपण पहिलेपणात नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढी वर्षे आणि एवढ्या सातत्याने हा व्यवसाय चालविणारा दुसरा भारतीय त्या शतकात दिसत नाही, हे त्यांचे वेगळेपण आहे.

काचेवरचे काम

त्या काळच्या छायाचित्रणाची पद्धत ठाऊक असल्याशिवाय या माणसाच्या श्रमांची कल्पना येत नाही. दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला तेव्हा ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उजेड दाखवायचा आणि वाळण्यापूर्वीच धुऊन काढायची, असा हा क्रम होता. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे जेथे चित्र घ्यायचे तेथेच अंधारा तंबू ठोकणे भाग पडे. काचा, औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडी, तिपाई आणि जड लाकडी कॅमेरा हा सारा संसार बैलगाडीतून किंवा माणसांच्या डोक्यावरून न्यावा लागे. उन्हाळ्यात द्रव लवकर वाळे, पावसाळ्यात दमटपणा नडे, आणि धूळ तर बारा महिने होतीच.

१८७० च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा कारखान्यात तयार होऊन विकत मिळू लागल्या. त्या आधी तयार करून ठेवता येत आणि चित्र घेतल्यानंतर सवडीने धुता येत. त्या उजेडालाही अधिक संवेदनशील होत्या. दीनदयाळ यांची कारकीर्द नेमकी या दोन पद्धतींच्या सांध्यावर उभी आहे. हैदराबादच्या काळातील त्यांचे प्रचंड उत्पादन कोरड्या काचांशिवाय शक्य झाले नसते.

काचेवरील उलट्या प्रतिमेवरून कागदावर चित्र उतरविण्यासाठीही सूर्यच लागे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद काचेखाली दाबून उन्हात ठेवत. काच जेवढी मोठी तेवढेच चित्र मोठे. लहान प्रतिमेवरून मोठे चित्र काढण्याची आजची सोय तेव्हा व्यवहारात नव्हती, म्हणून मोठ्या चित्रासाठी मोठी काच आणि मोठ्या काचेसाठी मोठा कॅमेरा असे ते गणित होते.

हैदराबादला आगमन

मीर महबूब अली खान हे १८६९ मध्ये वयाच्या तिसऱ्या वर्षी गादीवर आले. फेब्रुवारी १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. याच सुमारास दीनदयाळ हैदराबादला आले. पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचे काम पत्करले. १८८५ मध्ये व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. सिकंदराबाद येथे त्यांचा मोठा स्टुडिओ उभा राहिला. तेथे ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी असल्याने अधिकारी आणि त्यांची कुटुंबे हे ग्राहक हाताशीच होते.

चाळिशी गाठलेल्या, निवृत्तिवेतन मिळवून देणारी नोकरी असलेल्या माणसाने ती सोडून राजाश्रयावर आणि ग्राहकांच्या मर्जीवर भिस्त ठेवणे हे साहसच होते. पहिली वीस वर्षे ते साहस फळाला आले. नंतर काय झाले ते पुढे येईल.

दरबारातील काम विविध प्रकारचे होते. निजामाची आणि अमीर-उमरावांची चित्रे, मेजवान्या, पाहुण्यांचे दौरे, फौजेच्या कवायती, शिकारी, नवे राजवाडे, दिवाणखान्यांतील सजावट, हत्ती आणि घोडे यांचे तबेले या साऱ्यांची नोंद काचेवर होत असे. चारमिनार, चौमहल्ला राजवाडा आणि सर विकार-उल-उमरा यांनी बांधविलेला फलकनुमा राजवाडा यांची त्यांनी घेतलेली चित्रे आज त्या वास्तूंच्या इतिहासाचे साधन बनली आहेत. निजामाने १८९४ च्या सुमारास त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. जंग हा लढवय्यांना द्यावयाचा प्रत्यय चित्रकाराच्या नावाला जोडला जावा, हा दख्खनी दरबाराचा खास थाट होय. निजाम स्वतः उर्दूत काव्यरचना करीत. दीनदयाळ यांच्या कौशल्यावर त्यांनी एक शेर रचला होता, तो हैदराबादेत दीर्घकाळ सांगितला जात असे. राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही दीनदयाळ यांना राजमान्य छायाचित्रकार म्हणून सनद मिळाली. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनातही त्यांची चित्रे मांडली गेली.

उजेडाचा प्रश्न

त्या काळच्या स्टुडिओचे छत आणि एक बाजू काचेची असे. सूर्य माथ्यावरून सरकत असता चित्राला सारखा आणि मऊ उजेड मिळावा म्हणून काचेची बाजू शक्यतो उत्तरेकडे ठेवीत, आणि काचेखाली पांढरे व निळे पडदे सरकवून चेहऱ्यावरचा उजेड कमीजास्त करीत. ग्राहकाला काही सेकंद स्थिर बसावे लागे. मान हलू नये म्हणून खुर्चीच्या मागे लोखंडी आधार असे. त्या काळातील माणसे छायाचित्रांत गंभीर का दिसतात, या शाळकरी प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या काही सेकंदांत आहे.

स्टुडिओबाहेर काचेचे छत नेता येत नाही. राजवाड्याच्या दिवाणखान्यात खिडक्यांतून येईल तेवढ्याच उजेडावर काम भागवावे लागे आणि भिंग कित्येक सेकंद, प्रसंगी काही मिनिटे उघडे ठेवावे लागे. खुर्च्या, झुंबरे आणि गालिचे तेवढा वेळ स्थिर राहतात, माणसे राहत नाहीत. त्या काळच्या दालनांच्या चित्रांत माणसे क्वचितच असतात, याचे हे साधे कारण आहे.

कृत्रिम उजेडाचे प्रयोग युरोपात चालू झाले होते. मॅग्नेशियमची पट्टी जाळून खाणीत आणि इजिप्तच्या पिरॅमिडात चित्रे घेण्याचे प्रयत्न १८६० च्या दशकात झाले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण तयार केले. ते पेटविताच क्षणात लख्ख उजेड पडे. फ्लॅशचा जन्म येथून मानला जातो. मात्र ही पूड म्हणजे एक प्रकारची दारूच होती. तिने हात भाजत, धूर कोंडे, पडदे पेटण्याची भीती असे. गालिचे आणि मखमली गाद्यांनी भरलेल्या राजवाड्यात ती वापरणे म्हणजे यजमानाचा रोष ओढवून घेण्याची तयारी ठेवणे होय. काचेच्या बंद गोळ्यातील फ्लॅश १९३० च्या सुमारास बाजारात आला. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी त्याच दशकात विजेच्या ठिणगीवर चालणारा, पुन्हापुन्हा वापरता येणारा फ्लॅश विकसित केला.

पुढे १९६० च्या दशकात आलेल्या स्वयंचलित फ्लॅशने या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. त्याच्या दर्शनी भागावर उजेड मोजणारा एक छोटा डोळा असतो. समोरच्या वस्तूवरून परतलेला उजेड पुरेसा झाला की हा डोळा फ्लॅश तोडतो. हा सारा हिशेब फ्लॅशमध्येच होत असल्याने कॅमेऱ्याशी त्याचा एवढाच संबंध असतो की कॅमेऱ्याने त्याला पेटण्याचा इशारा द्यावा. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा, जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा असा फ्लॅश आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावरही उत्तम चालतो. फ्लॅशच्या पाठीवरील तक्त्यात दिलेला छिद्राचा आकडा आणि संवेदनशीलता कॅमेऱ्यावर हाताने लावली की झाले. एक पथ्य मात्र पाळावे लागते. जुन्या फ्लॅशच्या तळाच्या टोकावर काही वेळा २०० व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो आणि काही डिजिटल कॅमेऱ्यांचे नाजूक मंडल त्याने जळू शकते. म्हणून तो दाब मल्टिमीटरने मोजूनच फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवावा. दीनदयाळ यांना ज्या उजेडासाठी काचेचे छप्पर असलेली इमारत बांधावी लागली, तो आज चार पेन्सिल सेलवर मिळतो, हे विद्यार्थ्यांनी त्यांची चित्रे पाहताना ध्यानात ठेवावे.

वेरूळ, दौलताबाद आणि औरंगाबाद

निजामाच्या राज्यातील स्थळांचे जे संग्रह दीनदयाळ यांनी तयार केले त्यांत मराठवाड्यातील वास्तूंना महत्त्वाचे स्थान आहे. नांदेड, परभणी, बीड आणि औरंगाबाद हे जिल्हे तसेच आजच्या लातूर जिल्ह्याचा प्रदेश तेव्हा हैदराबाद राज्यात होता. या भागात रेल्वे उशिरा आली. मनमाड ते सिकंदराबाद हा औरंगाबाद, परभणी आणि नांदेडवरून जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यापूर्वी वेरूळला जाणाऱ्या प्रवाशास जी. आय. पी. रेल्वेच्या नांदगाव स्थानकावर उतरून पुढे टांगा किंवा बैलगाडी करावी लागे. काचांच्या पेट्या घेऊन या रस्त्याने जाणे किती जिकिरीचे असेल, हे मराठवाड्यातील जुन्या कच्च्या सडका पाहिलेल्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड केलेल्या डोंगरकड्यात उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. सकाळी कड्याची सावली लेण्यांवर असते आणि दुपार कलल्यावर ऊन आत शिरते. कैलास लेणे वरून खाली कोरलेले असल्याने त्याच्या चौकात आकाशाचा उजेड उतरतो, परंतु मागील कातळभिंत सुमारे १०० फूट उंच असल्याने तळाशी सावल्या गडद पडतात. शिखर उन्हात आणि हत्तींची रांग सावलीत, अशा ठिकाणी एकाच काचेवर दोन्ही स्पष्ट उमटविणे अवघड असते. शिखरावर उजेड बरोबर धरला तर हत्ती काळे होतात, हत्तींवर धरला तर शिखर पांढरे पडते. कैलासच्या चित्रांत दगडाचा पोत आणि मंदिराची उंची दोन्ही कळावीत असा दीनदयाळ यांचा प्रयत्न दिसतो, आणि त्यासाठी योग्य प्रहराची वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय त्या काळी नव्हता.

वेरूळ आणि अजिंठा येथे त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी छायाचित्रण केले होते. गिल हे मूळचे चित्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथात आली. गिल यांच्या चित्रांत अभ्यासकाची निकड आहे, तर दीनदयाळ यांच्या चित्रांत राज्याचे वैभव मांडण्याची दरबारी जाणीव आहे. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक सहज लक्षात येतो.

दौलताबादचा किल्ला आणि चांदमिनार, औरंगाबादचा बीबी का मकबरा यांचीही चित्रे त्यांच्या संग्रहांत आहेत. या चित्रांचा आज मोठा उपयोग आहे. नंतरच्या दुरुस्त्या, पडझड आणि भोवतालची वाढलेली वस्ती यांपूर्वी या वास्तू कशा होत्या, हे त्यांवरून ठरविता येते.

जनाना स्टुडिओ

१८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. पडदानशीन घराण्यांतील स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत, त्यामुळे त्यांची छायाचित्रे निघण्याचा मार्गच नव्हता. या स्टुडिओची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविण्यात आली. आत पुरुषांना मज्जाव होता. व्यवसायाच्या दृष्टीने ही चतुर योजना होती यात शंका नाही. तथापि त्या स्त्रियांच्या बाजूने पाहिल्यास, आपली प्रतिमा आपल्या अटींवर काढून घेण्याची सोय त्यांना प्रथमच मिळाली, हेही नोंदविले पाहिजे.

दुष्काळाची छायाचित्रे

दीनदयाळ यांचे नाव घेतले की शिकारी, हत्ती आणि रत्नजडित पोशाख डोळ्यांपुढे येतात. मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांच्या संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र निराळे आहे.

१८९९ च्या पावसाने दगा दिल्यानंतर हिंदुस्थानच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. राजस्थान-गुजरातेत विक्रम संवत १९५६ वरून तो छप्पनिया या नावाने स्मरणात राहिला. औरंगाबाद आणि लगतच्या मुलखालाही त्याची झळ पोहोचली. निजाम सरकारने मदतकामे सुरू केली. या कामांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या संस्थेने घेतली. औरंगाबाद येथील दुष्काळपीडितांच्या चित्रांचा एक संग्रह लॉर्ड कर्झन यांच्या कागदपत्रांबरोबर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या चित्रांतील माणसे रांगेत उभी किंवा बसलेली आहेत. बरगड्या मोजता येतात. लहान मुलांचे हातपाय काड्यांसारखे झालेले आहेत. दरबारी चित्रात अमीर-उमरावांची नावे अनुक्रमाने लिहिलेली असतात. येथे कोणाचेही नाव नाही. कृश झालेल्या लोकांचे प्रकार, अशा अर्थाचे वर्गवारीचे मथळे तेवढे आहेत. सरकारने किती मदत केली हे वरिष्ठ सत्तेला दाखविणे हा संग्रहाचा हेतू होता, आणि चित्रांची मांडणी त्या हेतूस धरूनच आहे. छायाचित्रकाराने या माणसांविषयी काय वाटले ते कोठे लिहून ठेवल्याचे आढळत नाही.

तरीही या चित्रांचे मोल कमी होत नाही. मराठवाड्यातील सामान्य शेतकरी, मजूर आणि त्यांची मुले यांचा एकोणिसाव्या शतकातील चेहरा दाखविणारी साधने अत्यंत थोडी आहेत. ज्यांच्या घरी छायाचित्र काढण्याची ऐपत कधीच नव्हती, त्यांचे बहुधा एकमेव छायाचित्र निघाले ते उपासमारीच्या दिवसांत, आणि तेही दुसऱ्याच कोणाच्या उपयोगासाठी. ज्या स्टुडिओत निजामाच्या पगडीतील हिऱ्यांवर उजेड कसा पडावा याची काळजी घेतली जाई, त्याच स्टुडिओच्या काचांवर ही माणसेही उमटली आहेत. दीनदयाळ यांच्यावरील लेखनात या संग्रहाकडे बरेच दिवस दुर्लक्ष झाले.

मुंबई, दिल्ली दरबार आणि अखेरची वर्षे

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत शाखा उघडली. त्याच वर्षी जुलैत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली आणि काही महिन्यांतच शहरात प्लेगने थैमान घातले. नव्या धंद्यासाठी हा काळ मुळीच अनुकूल म्हणता येणार नाही. तरीही मुंबईच्या स्टुडिओने चांगला जम बसविला. ग्यानचंद आणि धरमचंद हे दोन्ही पुत्र व्यवसायात होते आणि सर्व शाखांमिळून कर्मचाऱ्यांचा मोठा ताफा काम करीत होता. संस्थेच्या शिक्क्याखालील प्रत्येक चित्र दीनदयाळ यांनी स्वतः घेतलेले नाही, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते. कोणते चित्र वडिलांचे, कोणते मुलांचे आणि कोणते पगारी सहायकाचे हे ठरविणे अभ्यासकांना आजही कठीण जाते.

एप्रिल १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबाद राज्याच्या भेटीवर आले असता वरंगळ भागातील नेकोंडा येथे शिकार झाली. मारलेल्या वाघासह उभे असलेले कर्झन पतिपत्नी हे त्या प्रसंगाचे चित्र दीनदयाळ यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे. जानेवारी १९०३ मध्ये दिल्लीत भरलेल्या राज्यारोहण दरबाराच्या चित्रणासाठी संस्थेने मोठी तयारी केली. तोवर धंद्याची हवा पालटली होती. गुंडाळीच्या फिल्मचे हलके कॅमेरे आल्याने हौशी लोक स्वतःच चित्रे घेऊ लागले होते. छापील चित्रांची पोस्टकार्डे स्वस्तात मिळू लागली होती, आणि अंड्याच्या बलकाच्या कागदावरील महागडे संग्रह विकत घेणारा वर्ग आटत चालला होता.

१९०४ मध्ये धरमचंद यांचा मृत्यू झाला. कर्ता मुलगा गेल्याचा आघात मोठा होता. ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळ यांचेही निधन झाले. ग्यानचंद यांनी काही काळ व्यवसाय चालविला, पण १९११ मध्ये मीर महबूब अली खान वारले आणि वडिलांच्या काळातील राजाश्रयाचा आधारही गेला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात संस्थेला पूर्वीचे दिवस आले नाहीत.

काचांचे पुढे काय झाले

छायाचित्रकाराच्या मागे राहतात त्या काचा. काच फुटते, तिच्यावरील थर दमट हवेत सुटतो, आणि जुन्या काचा खरवडून खिडकीच्या तावदानांसाठी विकण्याची रीत सर्वत्र होती. दीनदयाळ यांच्या काचांचा मोठा भाग अशा नाना कारणांनी नाहीसा झाला. जो उरला तो कुटुंबीयांनी सांभाळला. क्लार्क वॉर्सविक यांनी या चित्रांवर १९८० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर दीनदयाळ यांच्या नावाकडे देशविदेशातील अभ्यासकांचे पुन्हा लक्ष गेले. हैदराबादचे लेखक नरेंद्र लूथर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. दीपाली देवान आणि डेबोरा हटन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हा या विषयावरील सर्वांत सविस्तर ग्रंथ मानता येईल. मराठीत मात्र या विषयावर स्वतंत्र लेखन फारच थोडे आहे.

१९८९ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबीयांकडील २,८५७ काचा विकत घेतल्या. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मूळ छापील चित्रे ब्रिटिश लायब्ररीत तसेच देशविदेशातील अन्य संग्रहांत विखुरलेली आहेत. दुष्काळाच्या चित्रांच्या मूळ प्रती लंडनमध्ये आहेत.